आयुष्यभर जपलेला माणूस हात धुताना भेटतो तेव्हा

पत्राचा सारांश

सांगली जिल्ह्यातून एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. वय ४७, सहकारी बँकेत नोकरी. गेल्या महिन्यात पुण्यातलं लग्न उरकून ते, पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी रात्री गाडीने घरी निघाले होते. साताऱ्याच्या अलीकडे महामार्गावरच्या एका ढाब्यावर जेवायला थांबले. साडेअकराच्या सुमारास तिथे नाटकाची बस आली. पुण्यातला संध्याकाळचा प्रयोग करून मंडळी दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या प्रयोगासाठी कोल्हापूरला निघाली होती. बसमधून एक ज्येष्ठ नट उतरले. वाचक त्यांना शाळेत असल्यापासून मानतात. (नाव पत्रात आहे, इथे मुद्दाम दिलेलं नाही.) वाचक ताटावरून उठले, बेसिनपाशी हात धुणाऱ्या त्या नटापुढे हात केला आणि म्हणाले, 'सर, एक सेल्फी.' मागे मुलगी मोबाईलवर शूट करत होती. 'अहो, जेवू द्या की जरा माणसाला!' असं मोठ्याने म्हणून नट पाठ फिरवून निघून गेले. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघत होती. वाचकांनी अर्धं जेवण तसंच टाकून बिल भरलं आणि घरच्यांना घेऊन निघाले.

चौदा सेकंदांची ती क्लिप अजून मुलीच्या मोबाईलमध्ये आहे. भाचा म्हणतो, रील करून टाका, लोकांना कळू दे. पत्नी म्हणते, पुसून टाका. वाचक विचारतात, 'ज्या प्रेक्षकांनी मोठं केलं त्यांच्याशी असं वागायचं? मुलीसमोर माझी लाज गेली. एवढ्या वर्षांनी खरा माणूस कळला. आता टीव्हीवर ते दिसले तरी मी चॅनेल बदलतो. क्लिप टाकू की नको?'

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाही त्या नटाचा रागच आला. 'जेवतो आणि मग भेटू' एवढं म्हणायला काय लागत होतं? चार शब्द. ते त्यांनी म्हणायला हवे होते, आणि ते म्हटले नाहीत हे चुकलंच. तुम्हाला लागलं ते खोटं नाही. आधी हे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी काही वेगळं म्हणणार आहे आणि ते वाचताना मी तुमच्या बाजूची नाही असं तुम्हाला वाटायला नको.

दुसऱ्या वाचनात मी तिसऱ्या पानावर थांबले. तिथे तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहून टाकली आहे. २००४ च्या पावसाळ्यात तुमचे वडील मिरजेला हॉस्पिटलमध्ये होते. रात्री त्यांना झोप यायची नाही. तुम्ही घरून वॉकमन नेला होता आणि या नटाच्या नाटकाची कॅसेट. इअरफोनचा एक बोळा वडिलांच्या कानात, एक तुमच्या कानात, आणि तुम्ही पलंगाला टेकून स्टुलावर. दुसऱ्या अंकातला एक प्रवेश आला की वडील हसायचे, हसताना टाके दुखायचे म्हणून पोटावर हात दाबून धरायचे आणि तरी म्हणायचे, 'मागं घे, परत लाव.' अकरा रात्री तुम्ही ती कॅसेट ऐकली. बाराव्या दिवशी वडील गेले.

हे तुम्ही त्या रात्री बेसिनपाशी सांगायला गेला होतात ना?

मला तरी पत्र वाचून तसंच वाटतं. वीस वर्षं तुम्ही हे मनात धरून आहात. तो माणूस अचानक चार हातांवर दिसला, छातीत धडधडायला लागलं, आणि तोंडातून बाहेर आलं ते 'सर, एक सेल्फी.' हे फक्त तुमचंच होत नाही. मोठ्या माणसाशी अवचित गाठ पडली की आपल्याला आपलं बोलणं सुचत नाही, मग हाताशी असलेलं तयार वाक्य आपण पुढे करतो. पूर्वी ते वाक्य 'सही द्या ना' असं होतं, आता सेल्फी आहे. आणि समोरच्याला ऐकू येतं ते एवढंच. हॉस्पिटल, वॉकमन, पोट धरून हसणारे वडील, यातलं काहीच त्या नटापर्यंत पोचलं नाही. त्यांनी नकार दिला तो सेल्फीला. तुम्हाला मात्र तो त्या अकरा रात्रींना दिलेला नकार वाटला, म्हणून इतका लागला.

आता त्या बेसिनच्या दुसऱ्या बाजूने बघू. मी कॉलेजात असताना आमच्या गावात नाटकं आणणाऱ्या एका मंडळाचं काम करायचे. रंगपटात, म्हणजे नट रंग लावतात त्या खोलीत, चहा पोचवणं माझ्याकडे असायचं. त्यामुळे हे जग थोडं आतून पाहिलं आहे. बरेच नट प्रयोगाआधी पोटभर जेवत नाहीत, जड होतं म्हणून. साडेपाचचा प्रयोग साडेआठ-नऊला सुटतो. मग रंग उतरवायचा, भेटायला आलेल्यांना भेटायचं, तोवर नेपथ्य उतरवून गाडीत भरलं जातं, आणि बस निघते. म्हणजे साडेअकराला साताऱ्याजवळ तुमच्यासमोर जो माणूस उभा होता, तो बहुधा दुपारपासून उपाशी होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीन तास तेच सगळं ताज्या मनाने करायचं होतं. हात ओले, साबण लागलेले. त्यात समोरून एक हात पुढे आलेला आणि मागून मोबाईलचा उजेड. या कारणांमुळे त्यांचं बोलणं गोड होत नाही. पण 'खरा माणूस कळला' हे तुमचं वाक्य मला जे खटकतं, ते यामुळे. चौदा सेकंदांत भुकेला माणूस कळला असेल. तुमच्या आईलाही रात्री साडेअकराला, अन्नाचा कण पोटात नसताना कोणी शूट केलं असतं, तर त्या क्लिपवरून आईची पारख तुम्ही कोणाला करू दिली असती का?

त्या मंडळातलीच एक आठवण सांगते. एक नामवंत अभिनेत्री आमच्याकडे आल्या होत्या, एकाच दिवशी दोन प्रयोग. रात्रीचा प्रयोग संपला तेव्हा एक वाजत आला होता. आरशासमोर बसून त्या खोबरेल तेलाने रंग पुसत होत्या आणि दारात रांग होती. दहा-बारा जणांशी त्या हसून बोलल्या. शेवटी एक मध्यमवयीन गृहस्थ आत आले, धोतर, हातात पिशवी. ते काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, 'आता नको हो, पुरे झालं.' गृहस्थ नमस्कार करून गेले. मी चहाचे कप गोळा करत होते. पाचेक मिनिटं बाई कापसाचा तोच बोळा हातात धरून बसल्या होत्या, अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा पुसलेला. मग मला म्हणाल्या, 'ते मघाचे गेले का गं? बघ ना जरा.' मी धावत एस.टी. स्टँडवर गेले. स्टँड रिकामा होता. मी परत येऊन सांगितलं, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

तुमच्या नटांनाही त्या रात्री पुढे बसमध्ये असंच वाटलं असेल, असा माझा दावा नाही. इतकंच की तुम्ही ढाब्यावरून निघालात तिथे तुमच्यापुरता प्रसंग संपला. त्यांच्या बाजूने तो कसा संपला हे तुम्ही पाहिलेलं नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, 'प्रेक्षकांनीच यांना मोठं केलं.' तुम्ही सांगलीकडचे, म्हणजे हा मुद्दा तुमच्या रक्तातच असणार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं ते सांगलीत, आणि ५ नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो तो त्याची आठवण म्हणून. तिथला माणूस नटाला आपल्या घरचा समजतो, यात चूक काहीच नाही. नटमंडळीही आपल्याला 'मायबाप प्रेक्षक' म्हणत आली आहेत. पण हा शब्द आपण अर्धाच ऐकतो. मायबाप म्हटलं की मान आला, तशी मायाही आली. आई-बाप लेकराला भरल्या ताटावरून उठवत नाहीत, आल्यागेल्याला दाखवायला तर नाहीच. आपण तिकीट काढतो त्याचं नाटक आपल्याला मिळतं, आणि चांगल्या नटाकडून तिकिटाच्या कितीतरी पट जास्त मिळतं. तुमच्या वडिलांच्या शेवटच्या अकरा रात्रींची किंमत कॅसेटच्या किमतीत कशी बसेल? मग हिशेबच करायचा तर देणं कोणाकडे निघतं, हे तुम्हीच बघा. बँकेतल्या माणसाला मी काय सांगणार.

ओळखीचंही तसंच आहे. तुम्ही त्यांना तीस वर्षं ओळखता. त्यांचा आवाज, हसणं, खाकरणं, सगळं पाठ आहे. ते तुम्हाला शून्य सेकंद ओळखतात. तुमच्या दृष्टीने ती घरच्या माणसाची भेट होती, त्यांच्या दृष्टीने अंधारातून आलेला एक अनोळखी हात. हा फरक कोणाच्याच चुकीने पडलेला नाही, आणि तो भरून काढायला बेसिनपाशी एक मिनिटही मिळालं नाही.

आपल्या अपेक्षा वाढतात त्याला ऐकीव गोष्टीही कारण असतात. सचिन तेंडुलकरची हैदराबादमधली भेट बहुतेकांनी मोबाईलवर पाहिली असेल. फेब्रुवारी २०२४, रस्त्यात स्कूटरवर एक चाहता, त्याच्या जर्सीच्या पाठीवर सचिनची आठवण येते असं लिहिलेलं. सचिनने गाडी त्याच्याजवळ घेतली, काच खाली करून विमानतळाचा रस्ता विचारला, आणि त्या माणसाचा चेहरा जो काही उजळला! मीही ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. पण तिथे वेळ सचिनने निवडली होती. चाहता आपल्या वाटेने चालला होता, त्याने काहीच मागितलं नव्हतं. अशा भेटींची चर्चा गावभर होते आणि आपल्याला वाटायला लागतं की मोठी माणसं अशीच भेटतात. ज्या शेकडो भेटी 'आता नको' वर संपतात त्यांची चित्रफीत कोणी काढत नाही, काढली तर ती राग काढायला.

त्यापेक्षा सचिनचीच दुसरी गोष्ट मला जवळची वाटते. चेन्नईच्या ताज कोरोमंडल हॉटेलात खोलीवर कॉफी घेऊन आलेल्या एका कर्मचाऱ्याने त्याला आधी विचारलं, क्रिकेटबद्दल थोडं बोलू का? सचिन हो म्हणाला. मग त्याने सांगितलं की तुम्ही कोपरावर जे गार्ड घालता त्याने तुमची बॅट फिरण्यात फरक पडतो. सचिनने ते मनावर घेतलं आणि गार्डची रचना बदलून घेतली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याने हे स्वतःहून जाहीर सांगितलं आणि त्या माणसाला शोधायला लोकांची मदत मागितली. त्या कर्मचाऱ्याने आधी परवानगी मागितली, आणि मग कितीतरी तास डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं जे होतं ते दिलं. तुमच्याकडेही त्या नटाला द्यायला असं काही आहे, आणि ते फोटोपेक्षा फार मोठं आहे.

क्लिपबद्दल माझं मत सरळ आहे. टाकू नका. ती टाकली की काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी लोक त्यांना शिव्या घालतील, तुम्हाला क्षणभर बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी तुमच्यावर येतील, जेवणाऱ्या माणसाला त्रास देणारा कोण हा म्हणून. तुमचा शर्ट, तुमचं बोलणं, सगळ्यावर बोलतील. आणि तुम्हीच लिहिलं आहे की शेवटी मुलीचा आवाज आहे, 'बाबा, चला ना.' तो आवाज अनोळखी माणसं पुन्हा पुन्हा लावून ऐकतील. एकदा गेलेली क्लिप परत बोलावता येत नाही, तुम्ही पुसलीत तरी दुसऱ्या कोणाच्या फोनमध्ये ती राहते. भाच्याला तुमची कड घ्यायची आहे, हे मला कळतं. त्याला सांगा की कड पोचली.

पण ती तुम्ही परस्पर पुसूही नका. आधी मुलीशी बोला. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटच्या पानावर, कोपऱ्यात आहे. पेठ नाक्यापाशी गाडीत ती म्हणाली, 'बाबा, मी शूट करायला नको होतं ना?' तुम्ही उत्तर दिलं नाही, असं लिहिलं आहे. तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर नसणार, समजू शकते. पण महिनाभर ती पोर काय घेऊन बसली असेल याचा विचार करा. तुम्हाला वाटतं मुलीसमोर लाज गेली. तिला वाटतंय की आपल्या मोबाईलमुळे बाबांचा अपमान झाला. म्हणजे तुम्ही दोघं एकाच घरात, एकाच प्रसंगाचा दोष आपापल्या जागी धरून गप्प आहात. आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसा. तिची चूक नव्हती हे सांगा. तुम्ही तिथे का धावलात तेही सांगा, आजोबांचं. तिला आजोबा आठवायचं कारणच नाही, ती नंतर जन्मली. मग दोघं मिळून ती क्लिप पुसा. बापाला कोणी ओरडलं याने मुलीच्या मनातून बाप उतरत नाही. बापाने त्यानंतर काय केलं, ते मात्र ती बघत असते.

अशी पत्रं मला आणखीही येतात. एकीला दवाखान्याच्या रांगेत लाडकी गायिका दिसली होती, एकाला विमानात शेजारच्या सीटवर मंत्री. सगळ्यांचा प्रश्न एकच, बोलावं की नाही. माझं म्हणणं, बोलावं जरूर, पण आधी त्या माणसाकडे नीट बघावं. तो जेवतो आहे का, फोनवर आहे का, कडेवर मूल आहे का, चेहरा कसा आहे. दवाखाना, स्मशान, जेवणाचं ताट आणि बेसिन-बाथरूमची वाट, इथे नमस्कार करून पुढे जावं. इतर ठिकाणी 'दोन मिनिटं बोलू का?' हे आधी विचारावं, आणि उत्तर 'नको' असेल तर हसून मागे फिरावं, त्यावर दुसरी विनंती नको. हो म्हटलं तर मोबाईल खिशातच ठेवून एक वाक्य बोलावं, पण ते फक्त आपणच बोलू शकतो असं असावं. 'मी तुमचा मोठा फॅन' हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. 'तुमची कॅसेट आजारी वडिलांना ऐकवायचो' हे ऐकलेलं नसतं. त्यांच्या सोबतच्या मुलाबाळांचे फोटो तर मुळीच काढू नयेत. कुठलं वाक्य बोलायचं ते आधीच मनाशी ठरवून ठेवायला काय हरकत आहे? अवचित भेटीत सुचत नाही, हे एकदा कळल्यावर तयारी करता येते.

तुमच्यासाठी दोन वाटा मला दिसतात. एक रंगपटाची. नाटकवाल्यांना भेटायची आपली जुनी, रीतसर जागा ती. प्रयोग सुटला की पाचदहा मिनिटं जाऊ द्यायची, दारावरच्या व्यवस्थापकाला विचारायचं, तो आत विचारून येतो. तिथे नट प्रेक्षकाला भेटायच्या तयारीत असतो, प्रयोगाची रग अजून अंगात असते. सांगलीत, कोल्हापुरात त्यांचा प्रयोग लागला की मुलीला घेऊन जा. पण लगेच नको. टीव्हीवर ते दिसल्यावर चॅनेल बदलावंसं वाटेनासं झालं की जा. तसं कधीच झालं नाही, तर जाऊ नका, त्यातही काही पाप नाही. एखाद्या कलावंताचं सगळं बघितलंच पाहिजे असं कोणाचं बंधन आपल्यावर नसतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिला प्रयोगाची वाट बघावी लागत नाही. त्यांना पत्र लिहा. हाताने, एकच पान. पेपरात नाटकाची जाहिरात येते तिच्यात बुकिंगचा नंबर असतो. तिथे फोन करून निर्मात्यांचा पत्ता विचारा, त्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र नटापर्यंत पोचतं. त्यात ढाब्याचा विषय काढू नका. काढलात की त्यांना उत्तरादाखल माफी तरी मागावी लागेल किंवा कारण तरी द्यावं लागेल, आणि पत्र त्यातच अडकेल. फोटो मागू नका, उत्तराचीही वाट बघू नका. वडिलांना कोणता प्रवेश आवडायचा, कुठल्या वाक्याला ते 'मागं घे' म्हणायचे, तेवढं लिहा. नटाला टाळ्या समोरून ऐकू येतात. मिरजेच्या त्या वॉर्डात रात्री दोन वाजता एक माणूस पोट धरून हसला, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कधीच कळणार नाही.

ती कॅसेट अजून कपाटात आहे असं तुम्ही लिहिलं आहे, फीत तुटून एकदा चिकटपट्टीने जोडलेली. तिला ऊन आणि दमट हवा लागू देऊ नका, आणि मिळेल तेव्हा कोणाकडून तरी ती मोबाईलवर उतरवून घ्या. मुलीला ऐकवा. इअरफोन आताही दोन कानांचेच असतात.

आणि पत्र लिहायला बसल्यावर पहिलं वाक्य अडलं, तर मला पाठवलेल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर वरून सहावी ओळ बघा. 'आमचे अण्णा हसले की टाके दुखायचे, तरी म्हणायचे, परत लाव.' तिथूनच सुरू करा.

तुमची,
ताई